‘ऐनवेळी’ आणि ‘इन द निक ऑफ टाइम’: हा इंग्रजी वाक्प्रचार अचूक कसा वापरायचा

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. नोकरीत रोज इंग्रजी लिहायची वेळ आली तेव्हा मी एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या बाजूला मराठी अर्थ. त्या वहीत ‘इन द निक ऑफ टाइम’च्या समोर एकच शब्द होता: ऐनवेळी.

काही महिन्यांनी एक प्रशिक्षण आदल्या रात्री रद्द झालं आणि ते सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘द ट्रेनिंग वॉज कॅन्सल्ड इन द निक ऑफ टाइम.’ मला म्हणायचं होतं की प्रशिक्षण ऐनवेळी रद्द झालं. वाचणाऱ्यांना त्यातून कळलं ते असं: बरं झालं वेळीच रद्द झालं, नाहीतर अनर्थ ओढवला असता. ज्या बाई प्रशिक्षण देणार होत्या त्यांनाही तीच मेल गेली होती. त्यांनी आठवडाभर तयारी केली होती. त्यांनी फोन करून विचारलं, ‘माझ्या प्रशिक्षणात एवढं काय वाईट होतं?’ मी माफी मागितली, पण माझं काय चुकलं ते मला त्या वेळी समजलंच नव्हतं. व्याकरण बरोबर होतं, शब्दही बरोबर होते.

चूक वहीतल्या त्या एका शब्दात होती. मराठीतला ‘ऐनवेळी’ दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगतो, त्यातली एकच गोष्ट या इंग्रजी वाक्प्रचारात बसते. मराठीतून इंग्रजी शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा पाय इथेच घसरतो, म्हणून हा एकच वाक्प्रचार घेऊन सगळं सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीला काय लागेल

- एक वही आणि पेन. वहीच्या पानाचे दोन रकाने करू नका, का ते पुढे कळेल.
- शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केम्ब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. कोशात हा वाक्प्रचार ‘टाइम’खाली सापडला नाही तर ‘निक’खाली शोधा.
- रोजच्या वाचनातली कुठलीही इंग्रजी बातमी किंवा गोष्ट.

इंग्रजी-मराठी कोश तूर्त बाजूला ठेवा. तो वाईट असतो असं नाही, पण या वाक्प्रचारापुरता तो तुम्हाला थेट ‘ऐनवेळी’पाशी आणून सोडतो.

## १. ‘निक’ म्हणजे खाच, हे आधी डोळ्यांसमोर आणा

‘निक’ म्हणजे लाकडावर किंवा धातूवर सुरीने पाडलेली छोटी खाच. दाढी करताना हनुवटीला लागलेल्या बारीकशा कापालाही इंग्रजीत ‘निक’च म्हणतात. खाच बारीक असते आणि तिची जागा पक्की असते, हे दोन्ही गुण या वाक्प्रचारात उतरले आहेत.

सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘इन द निक’ एवढंच म्हणायचे आणि त्याचा अर्थ ‘नेमक्या क्षणी’ असा होता. ‘ऑफ टाइम’ हे शेपूट सतराव्या शतकात रुळलं. सुरुवातीला यात संकट नव्हतं, घाई नव्हती, फक्त नेमकेपणा होता. हळूहळू अर्थ सरकला आणि आज त्याचा अर्थ आहे: फार उशीर होण्याच्या अगदी आधीच्या क्षणी.

मराठीशी ताडून पाहिलं तर एक गंमत दिसते. आपला ‘ऐन’ अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत त्याचा अर्थ डोळा, आणि त्यावरून एखाद्या गोष्टीचा गाभा, ती गोष्ट नेमकी तीच. म्हणून आपण ‘ऐन तारुण्यात’, ‘ऐन उन्हाळ्यात’, ‘ऐन गर्दीत’ म्हणतो. म्हणजे ‘ऐन वेळ’ आणि ‘निक’ हे दोन्ही शब्द नेमकेपणापासून निघाले. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या: इंग्रजी शब्द सुटकेकडे गेला, मराठी शब्द मात्र सुटका आणि फजिती या दोन्हींच्या दारात उभा राहिला.

इथला सापळा: या वाक्प्रचाराच्या जन्माची एक गोष्ट फार सांगितली जाते. पूर्वी हिशेब ठेवायला लाकडी काठ्यांवर खाचा पाडत. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यातही अशा काठ्या होत्या, आणि १८३४ मध्ये त्या जुन्या काठ्या जाळताना आग भडकून लंडनमधली संसदेची इमारत जळाली. हा इतिहास खरा आहे. पण ‘निक ऑफ टाइम’ त्या काठ्यांवरून आला, याला पुरावा नाही. खाच लक्षात राहावी म्हणून काठी आठवायला हरकत नाही, मात्र वर्गात किंवा भाषणात तिला व्युत्पत्ती म्हणून सांगू नका.

आणखी एक छोटी गोष्ट. ‘निकनेम’मधल्या ‘निक’चा या खाचेशी काहीही संबंध नाही. जुना शब्द ‘ईकनेम’ होता, म्हणजे जोडनाव. ‘ॲन ईकनेम’ म्हणता म्हणता ‘ॲन’मधला न पुढच्या शब्दाला चिकटला.

## २. एक रेघ काढा आणि तिच्यावर तीन जागा दाखवा

वहीत एक आडवी रेघ काढा. डावीकडून उजवीकडे वेळ जातो आहे असं समजा. उजव्या टोकाजवळ एक उभी जाड रेघ मारा. ही तुमची भिंत. भिंतीपलीकडे गेलं की उशीर झाला, दार बंद झालं, जे व्हायचं ते होऊन गेलं.

आता तीन वाक्प्रचार या रेघेवर बसवा.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळी. याला भिंतीशी देणंघेणं नाही. वेळापत्रकात दहा लिहिलेत आणि गाडी दहाला आली, की ती ‘ऑन टाइम’. रेघेवर जिथे दहा असतील तिथे टिंब द्या.

‘इन टाइम’ म्हणजे भिंतीच्या आधी कधीही. सिनेमा सातला सुरू होतो, तुम्ही पावणेसातला पोचलात, की तुम्ही ‘इन टाइम’ आहात. सहाला पोचलात तरीही. मराठीत याला ‘वेळेत’ किंवा ‘वेळीच’ हे शब्द छान बसतात.

‘इन द निक ऑफ टाइम’ म्हणजे भिंतीला जवळजवळ चिकटून, पण अलीकडच्या बाजूला. तिथे पेनाने खरोखरची एक खाच काढा. हा ‘इन टाइम’चाच एक प्रकार आहे, फक्त उरलेलं अंतर खाचेएवढं आहे.

अंतर किती कमी हवं, याचं मोजमाप प्रसंगावर ठरतं. पेटलेल्या खोलीतून माणूस बाहेर काढायचा असेल तर खाच काही सेकंदांची. ऑनलाइन अर्जाची मुदत रात्री बाराला संपते आणि तुमचा अर्ज ११ वाजून ५८ मिनिटांनी गेला, तर खाच दोन मिनिटांची. एखादा आजार पसरण्याआधी सापडला तर खाच काही दिवसांचीही असू शकते. घड्याळ पाहू नका, भिंत किती जवळ होती ते पाहा.

इथला सापळा: ‘जस्ट इन टाइम’ हे दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतं. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘निक ऑफ टाइम’च्या अगदी जवळचा आहे. कारखानदारीत मात्र ‘जस्ट इन टाइम’ हे एका उत्पादनपद्धतीचं नाव आहे. जपानच्या टोयोटा कंपनीने ती नावारूपाला आणली. सुटे भाग आधीपासून साठवून न ठेवता लागतील तेव्हाच, लागतील तेवढेच आणायचे, असं तिचं सूत्र आहे. त्यात सगळं आखलेलं असतं. ‘निक ऑफ टाइम’मध्ये आखणी नसते, तिथे हुकता हुकता साधलेलं असतं. पुरवठ्याच्या अहवालात एकाच्या जागी दुसरा शब्द घातलात, तर तुमच्या कारखान्यात रोज धावपळ चालते असा वाचणाऱ्याचा समज होईल.

## ३. ‘क्षणभर उशीर झाला असता तर…’ ही कसोटी लावा

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या कसोटीचा. वाक्यात हा वाक्प्रचार घालण्याआधी मनातल्या मनात मराठीत एक वाक्य पुरं करायचं:

‘क्षणभर उशीर झाला असता तर ______.’

रिकाम्या जागी खरंखुरं नुकसान लिहिता आलं तर वाक्प्रचार बसतो. नाही आलं तर बसत नाही.

एक-दोन उदाहरणं घेऊ.

‘रस्त्यावर धावत सुटलेल्या मुलाला आईने हात धरून मागे ओढलं.’ क्षणभर उशीर झाला असता तर मूल गाडीखाली आलं असतं. रिकामी जागा लगेच भरली. ‘शी पुल्ड हिम बॅक इन द निक ऑफ टाइम.’ अगदी बरोबर.

‘दार बंद होता होता आम्ही गाडीत चढलो.’ क्षणभर उशीर झाला असता तर गाडी सुटली असती. नुकसान लहान आहे, पण आहे. ‘वी गॉट ऑन द ट्रेन इन द निक ऑफ टाइम.’ हेही बरोबर. जिवावरचंच संकट हवं असं नाही.

‘मी सकाळी बरोबर नऊला कामावर पोचलो.’ क्षणभर उशीर झाला असता तर? तर नऊ वाजून एक मिनिट झालं असतं. रोजच्या दिवशी यात काही बिघडत नाही. इथे ‘ऑन टाइम’ पुरे. पण त्याच दिवशी नऊला हजेरीचं दार बंद होत असेल, तर तेच वाक्य खाचेत जाऊन बसेल. वाक्य बदललेलं नाही, भिंत कुठे आहे ते बदललं.

‘पाहुणे आले आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला.’ ही कसोटी इथे फार उपयोगी पडते, कारण शिकताना असं वाक्य आपल्याला ‘निक’चं वाटतं. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या, एवढंच यात आहे. पाहुणे भिजता भिजता वाचले, हे सांगायचं असेल तरच वाक्प्रचार वापरा, आणि मग ‘भिजता भिजता’चा भाग वाक्यात दिसू द्या.

कसोटीचा दुसरा अर्धा भागही विसरू नका. नुकसान टळलेलं असलं पाहिजे. माझ्या त्या मेलमध्ये नेमकं हेच निसटलं होतं. ‘प्रशिक्षण रद्द झालं’ ही माझ्या लेखी वाईट बातमी होती. पण या वाक्प्रचाराला जी गोष्ट जोडाल, ती त्या वाक्यापुरती सुटका ठरते. रद्द होणं जोडलंत तर रद्द होणं हीच सुटका, आणि प्रशिक्षण हे संकट.

## ४. ‘ऐनवेळी’चे दोन भाग करा

ही पायरी नीट वेळ देऊन करा. वहीत वर ‘ऐनवेळी’ लिहा आणि खाली दोन फांद्या काढा.

पहिली फांदी सुटकेची. ‘ऐनवेळी मदत मिळाली.’ ‘ऐनवेळी ब्रेक लागला.’ ‘ऐनवेळी त्याला उत्तर आठवलं.’ ही सगळी वाक्यं ‘निक ऑफ टाइम’कडे जातात.

दुसरी फांदी फजितीची. ‘ऐनवेळी त्याने नकार दिला.’ ‘ऐनवेळी वीज गेली.’ ‘ऐनवेळी बेत बदलला.’ ‘मुख्य गायक ऐनवेळी आजारी पडला.’ यातलं एकही वाक्य ‘निक ऑफ टाइम’ने सांगता येत नाही. यांच्यासाठी इंग्रजीत ‘ॲट द लास्ट मिनिट’ किंवा ‘ॲट द लास्ट मोमेंट’ आहे. ‘ही बॅक्ड आउट ॲट द लास्ट मिनिट.’ ‘द प्लॅन चेंज्ड ॲट द लास्ट मिनिट.’ माझं वाक्यही असंच हवं होतं: ‘द ट्रेनिंग वॉज कॅन्सल्ड ॲट द लास्ट मिनिट.’

‘आयत्या वेळी’ हा शब्द जवळजवळ नेहमी दुसऱ्या फांदीवर बसतो. ‘आयत्या वेळी धावपळ नको’ यात सुटका नाहीच. त्यामुळे मनात ‘आयत्या वेळी’ आलं की बेलाशक ‘लास्ट मिनिट’ लिहा. ‘वेळीच’ हा शब्द याच्या उलट, तो कायम चांगल्या बाजूचा. ‘वेळीच सावध झालो’ म्हणजे नुकसान टळलं. फक्त त्यात अंतर किती उरलं होतं ते कळत नाही, म्हणून ‘वेळीच’ला बहुतेकदा ‘इन टाइम’ पुरतं.

आणि भावनेच्या अंगाने पाहिलं तर ‘निक ऑफ टाइम’चा सगळ्यात जवळचा मराठी भाऊ कोशात सापडणारच नाही. तो आपण बोलतो: ‘अगदी देवासारखा धावून आलास!’ कुणी इंग्रजीत ‘यू केम इन द निक ऑफ टाइम’ म्हणालं, की त्या माणसाच्या आवाजात हाच सुस्कारा असतो. शब्दाला शब्द ठेवण्यापेक्षा हा सुस्कारा लक्षात ठेवा. मी वहीतले दोन रकाने सोडून दिले ते यामुळेच. आता मी प्रत्येक वाक्प्रचारासमोर अर्थ लिहीत नाही, एक प्रसंग लिहितो.

## ५. वाक्यात बसवताना या चुका टाळा

वाक्प्रचार अखंड असतो. त्यातला एकही तुकडा हलवायचा नाही.

- ‘द’ गाळू नका. मराठीत असं उपपद नसल्यामुळे आपल्या हातून ‘इन निक ऑफ टाइम’ सहज लिहिलं जातं. ‘इन अ निक ऑफ टाइम’ही चूक. खाच एकच आणि ठरलेली, म्हणून ‘द’.
- ‘ॲट’ वापरू नका. ‘ॲट द लास्ट मिनिट’मध्ये ‘ॲट’, ‘इन द निक ऑफ टाइम’मध्ये ‘इन’. दोन्ही शेजारी शेजारी शिकल्यामुळे यांची अदलाबदल फार होते.
- ‘निक’चं स्पेलिंग एन-आय-सी-के. ‘नाइफ’मधला मुका के इथे लावू नका. मुका के असलेलं ‘निक-नॅक’ वेगळं, त्याचा अर्थ शोभेच्या किरकोळ वस्तू.
- ‘नेक’ नाही. ‘नेक’ म्हणजे मान. कानावर पडलेलं तसंच लिहिण्यातून ही चूक येते.
- मध्येच तोडून ‘इन द निक’ म्हणू नका. चारशे वर्षांपूर्वी ते चाललं असतं. आजच्या ब्रिटिश बोलीत ‘निक’ म्हणजे तुरुंग किंवा पोलीस ठाणं. ‘ही वॉज इन द निक’ ऐकून तिथला माणूस वेगळंच काही समजेल. ‘इन गुड निक’ हाही तिकडचा प्रयोग, त्याचा अर्थ चांगल्या स्थितीत असलेला. त्याचाही वेळेशी संबंध नाही.

आत भर घालायचीच तर दोन जागा आहेत. पुढे ‘जस्ट’ लावता येतं: ‘जस्ट इन द निक ऑफ टाइम’. हे फार कानावर पडतं. जुन्या पुस्तकांत ‘इन द व्हेरी निक ऑफ टाइम’ही भेटेल, वाचताना ओळखा, स्वतः वापरायची गरज नाही.

जागा बहुतेकदा वाक्याच्या शेवटी. ‘द डॉक्टर अराइव्ह्ड इन द निक ऑफ टाइम.’ गोष्ट सांगताना उत्कंठा वाढवायला तो आधीही आणतात. दारातून आत येणाऱ्याला उद्देशून नुसतं ‘जस्ट इन द निक ऑफ टाइम!’ एवढंही म्हणतात, क्रियापदाशिवाय.

सोबत येणारी क्रियापदं ठरावीक आहेत: पोचणं, येणं, वाचवणं, थांबवणं, पकडणं, सापडणं, संपवणं. म्हणजे अराइव्ह, कम, सेव्ह, स्टॉप, कॅच, फाइंड, फिनिश. झोपणं, राहणं, आवडणं अशा लांबत जाणाऱ्या किंवा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांशी याचं जमत नाही, कारण खाचेत मावेल अशी एका क्षणाची क्रिया त्याला लागते.

## ६. काळ सांभाळा: याने वचन देऊ नका

भूतकाळात हा वाक्प्रचार घरी असल्यासारखा वावरतो. खाच कुठे होती हे मागे वळून पाहतानाच कळतं.

भविष्यकाळात तो घात करतो. ‘आय विल सबमिट द रिपोर्ट इन द निक ऑफ टाइम’ असं वरिष्ठांना लिहिलंत तर त्याचा अर्थ होतो, मी मुद्दाम शेवटच्या क्षणापर्यंत थांबणार आहे. तुम्हाला म्हणायचं असतं ‘वेळेत देईन’. त्यासाठी ‘ऑन टाइम’ किंवा ‘बिफोर द डेडलाइन’ लिहा. नोकरीच्या अर्जात स्वतःचा गुण म्हणून ‘आय फिनिश माय वर्क इन द निक ऑफ टाइम’ लिहिणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी वाईट वाटलं आहे. मेहनती माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला चालढकल करणारा ठरवतो.

नकारातही तो टिकत नाही. रुग्णवाहिका उशिरा आली तर ‘नॉट इन द निक ऑफ टाइम’ म्हणत नाहीत, ‘टू लेट’ म्हणतात. प्रश्न विचारतानाही साधं ‘डिड यू मेक इट इन टाइम?’ बरं. उत्तर देणारा मग म्हणू शकतो, ‘येस, जस्ट इन द निक ऑफ टाइम.’

## ७. शेजाऱ्यांची ओळख करून घ्या

‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ म्हणजे शब्दशः अकराव्या तासाला. याचा घड्याळातल्या अकराशी संबंध नाही. बायबलमध्ये, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, एका द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो पहाटेपासून मजूर लावतो, आणि अकराव्या तासालाही काही जणांना कामावर घेतो. त्या काळी सूर्योदय ते सूर्यास्त असे दिवसाचे बारा तास धरत, म्हणजे अकरावा तास संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. काम संपायला एकच तास उरलेला, तरी मालक त्यांना पहाटे आलेल्यांइतकीच मजुरी देतो. आज हा वाक्प्रचार करार, वाटाघाटी, निर्णय अशा मोठ्या बाबींसाठी जास्त वापरतात. ‘ॲन इलेव्हन्थ-अवर डील’ म्हणजे तुटता तुटता जुळलेला करार. ‘निक’ला क्षण लागतो, ‘इलेव्हन्थ अवर’ला काही तास किंवा दिवसही चालतात. शिवाय हा चांगल्या-वाईट दोन्ही गोष्टींना लागतो, अकराव्या तासाला माघारही घेता येते. त्या अर्थाने आपल्या ‘ऐनवेळी’च्या स्वभावाला तो ‘निक’पेक्षा जवळचा आहे.

‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’ म्हणजे दातांच्या सालीएवढ्या अंतराने. हेही बायबलमधलंच, ईयोबाच्या पुस्तकातलं. हा वाक्प्रचार वेळेबद्दल काही सांगत नाही, किती थोडक्यात निभावलं ते सांगतो. परीक्षेत एका गुणाने पास झालात तर ‘स्किन ऑफ माय टीथ’ बसेल, ‘निक ऑफ टाइम’ बसणार नाही, कारण तिथे घड्याळ धावत नव्हतं.

## ८. कुठे वापरू नये

बोलताना, पत्रात, गोष्टीत, बातमीत, ओळखीच्या माणसाला पाठवलेल्या मेलमध्ये हा शोभतो. कायदेशीर कागद, वैद्यकीय नोंद, तक्रार अर्ज, सभेचं इतिवृत्त यांत तो नको. तिथे वेळच लिहा: ‘मुदत संपण्याच्या दोन मिनिटं आधी’.

आणि जिथे कुणी वाचलं, कुणी गेलं, तिथे फार जपून. एकाच अपघाताबद्दल बोलताना वाचलेल्यांसाठी हा सुटकेचा शब्द तोंडातून निघाला आणि समोर गेलेल्याचे नातेवाईक असले, तर त्यांना तो टोचतो. अशा वेळी ‘दे रीच्ड हर इन टाइम’ एवढं साधं बोला, किंवा काहीच बोलू नका.

## ९. उच्चार

सुटा सुटा वाचला तर पाच शब्द, बोलताना मात्र एकच लांब शब्द होतो: ‘इन्द-निकव-टाइम’. ‘ऑफ’मधला शेवटचा आवाज व्हसारखा आणि अगदी हलका. जोर दोन ठिकाणी, ‘निक’वर आणि ‘टाइम’वर. ‘निक’ ऱ्हस्व, ‘नीक’ नाही. दहा वेळा मोठ्याने म्हटलं की जिभेला वळण पडतं.

## १०. सात दिवसांचा सराव

रोज झोपण्याआधी दिवसातला एक प्रसंग मराठीत एका वाक्यात लिहा, ज्यात ‘ऐनवेळी’, ‘वेळेत’, ‘वेळेवर’, ‘आयत्या वेळी’ किंवा ‘थोडक्यात’ यांपैकी एक शब्द येईल. खाली कसोटीचं वाक्य पुरं करा. मग इंग्रजी वाक्य लिहा. पहिले तीन दिवस बहुतेक वाक्यं ‘ऑन टाइम’ किंवा ‘लास्ट मिनिट’वरच जातील. जाऊ द्या. खाचेचे प्रसंग रोज घडत नसतात, आणि रोज घडत नाहीत म्हणूनच या वाक्प्रचाराला वजन आहे. एका मेलमध्ये तो दोनदा आला तर एक खोडा.

सुरुवातीला ही पाच वाक्यं करून पाहा.

अ. मोबाइल बंद पडण्याआधी त्याचा पत्ता लिहून घेतला.
आ. वक्त्याने ऐनवेळी विषय बदलला.
इ. विमान ठरल्या वेळी उतरलं.
ई. पूर येण्याच्या आदल्या दिवशी लोकांना उंचावर हलवलं.
उ. पतंग काढायला छताच्या कडेवर गेलेल्या मुलाचा पाय घसरला आणि भावाने त्याचा हात पकडला.

‘अ’मध्ये मोबाइल किती वेळात बंद पडला ते पाहा. शेवटचा आकडा लिहिला आणि पडदा काळा झाला असेल तर ‘निक’, नाहीतर ‘इन टाइम’. ‘आ’ला ‘ॲट द लास्ट मिनिट’. ‘इ’ला ‘ऑन टाइम’. ‘ई’मध्ये नुकसान टळलं, पण हाताशी अख्खा दिवस होता, म्हणून ‘इन टाइम’. पाणी उंबऱ्याला लागलेलं असताना हलवलं असतं तर गोष्ट वेगळी. ‘उ’मध्ये विचार करायची गरजच नाही: ‘हिज ब्रदर कॉट हिज हँड इन द निक ऑफ टाइम.’